आडनावाचं क्रियापद

११ नोव्हेंबर १८८०. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या क्लेअरमॉरिस स्टेशनात एक गाडी थांबली आणि तिच्यातून पन्नास मजूर उतरले. पाऊस कोसळत होता. त्यांना जायचं होतं बॅलिनरोबला, चौदा मैलांवर. पैसे मोजूनही त्यांना कुणी गाडी देईना. शेवटी पन्नास माणसं चिखल तुडवत पायी निघाली आणि त्यांच्या सोबतीला पायदळ, घोडेस्वार, सशस्त्र पोलीस. पुढचे दोन आठवडे त्या टापूत जवळजवळ हजार सैनिक तंबू ठोकून भिजत राहिले. युद्ध नव्हतं, बंडही नव्हतं. एका माणसाच्या शेतात बटाटे, सलगम आणि थोडं धान्य उभं होतं आणि ते काढायला पंचक्रोशीतला एकही हात पुढे येत नव्हता.

त्या माणसाचं नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. त्याचं नाव आपण सगळेच घेतो. चिनी मालावर, सिनेमावर, निवडणुकीवर, सभेवर ‘बॉयकॉट’ घाला म्हणतो. पण हे कुणाचं तरी आडनाव होतं आणि ते मिरवणारा माणूस स्वतःच्या घरात कोंडल्यासारखा राहिला होता, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, बर्ग सेंट पीटर या खेड्यातल्या पाद्र्याच्या घरी १८३२ मध्ये तो जन्मला. घराण्याचं आडनाव आधी ‘बॉयकॅट’ होतं. तो लहान असतानाच घरच्यांनी एक अक्षर बदललं आणि ते ‘बॉयकॉट’ झालं. वूलिचच्या लष्करी अकादमीत त्याला परीक्षेने दगा दिला. मग बापाने पैसे भरून पायदळाच्या ३९ व्या पलटणीत त्याला अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. तेव्हा अशा जागा राजरोस विकत मिळत. पलटणीबरोबर तो आयर्लंडात आला, आजारी पडला, दोनेक वर्षांत नोकरी सोडून मोकळा झाला आणि तिथेच लग्न करून शेतीत पडला. लोक त्याला कॅप्टन म्हणत राहिले. बरीच वर्षं त्याने ॲखिल नावाच्या बेटावर काढली आणि १८७० नंतरच्या दशकात मेयोतल्या ‘लॉख मास्क’ सरोवराच्या काठी येऊन लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. जमीनदार राहायचा दूर फर्मॅना परगण्यात. खंड वसूल करणं, थकला तर नोटीस काढणं, शेवटी कुळाला जमिनीवरून उठवणं, ही कामं कारभाऱ्याची. शिवाय त्याची स्वतःची मोठी शेती होती आणि तिच्यात गावचेच लोक मजुरीला येत. बारीकसारीक चुकांवरून तो दंड लावतो, अशी कुळांची तक्रार होती.

मेयोमध्ये खंड थकणं म्हणजे काय, हे समजायला पस्तीस वर्षं मागे जावं लागतं. १८४५ पासून चारपाच वर्षं बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. जवळपास तेवढीच बोटीत बसून देश सोडून गेली. मेयो हा त्यातला सगळ्यात गांजलेला भाग. त्याच दुष्काळात, १८४६ मध्ये, मेयोतल्या स्ट्रेड गावी मायकेल डॅव्हिट जन्मला. तो चार वर्षांचा असताना घरच्यांना जमिनीवरून हुसकावलं गेलं. कुटुंब लँकेशायरला गेलं, पोरगा कापसाच्या गिरणीत कामाला लागला आणि अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. पुढे आयरिश क्रांतिकारकांच्या कटात सामील झाल्याबद्दल त्याने सात वर्षं तुरुंगात काढली. १८७९ मध्ये पुन्हा पिकं बुडाली, तेव्हा हा एका हाताचा माणूस मेयोत परतून सभा भरवत होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डब्लिनमध्ये ‘लँड लीग’ उभी राहिली. अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जो स्वतः जमीनदार होता. मागण्या तीन: रास्त खंड, खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवर कायम हक्क आणि तो हक्क विकण्याची मोकळीक.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारलं: शेजाऱ्याला हाकलून मोकळी केलेली जमीन जो दुसरा कसायला घेतो, त्याचं काय करावं? गर्दीतून गोळी घालण्याची आरोळी उठली. पार्नेलने तिला थांबवलं आणि म्हणाला, याहून चांगला, ख्रिस्ती माणसाला शोभणारा मार्ग आहे. रस्त्यात तो भेटला तर त्याच्याशी बोलू नका, दुकानात नाही, बाजारात नाही, चर्चमध्येही नाही. जुन्या काळी महारोग्याला जसं दूर ठेवत तसं त्याला ठेवा. हे सांगणारा सुशिक्षित, शांत आवाजाचा नेता होता, आणि त्याने रक्तपात टाळणारा मार्ग म्हणून हे सुचवलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने दिलेली उपमा मात्र पुढे बराच काळ माझ्या मनात खुपत राहिली. महारोग्याने कुणाचं काय घेतलं होतं?

एनिसच्या सभेनंतर तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, लॉख मास्कच्या शिवारात बेलीफ नोटिसा घेऊन आला. बरोबर सतरा पोलीस. त्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली होती, अर्न दहा टक्क्यांच्या पुढे जाईना आणि बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध बेदखलीच्या नोटिसा काढल्या होत्या. तीन नोटिसा बजावून झाल्या. चौथ्या घराशी मिसेस फिट्झमॉरिस नावाची बाई दारात उभी होती. तिने कागद घ्यायला नकार दिला आणि लाल निशाण हलवलं. आजूबाजूच्या शेतांतून बायका धावत आल्या आणि त्यांनी दगड, चिखल, शेण जे हाताला लागेल ते मारायला सुरुवात केली. बेलीफ आणि पोलीस पळत बॉयकॉटच्या घरात शिरले. दुसऱ्या दिवशीही नोटीस बजावता आली नाही.

त्यानंतर पार्नेलचा उपाय गावाने त्याच्याही पुढे नेला. पार्नेल बोलला होता जमीन बळकावणाऱ्या कुळाबद्दल. मेयोने तो लावला थेट कारभाऱ्याला. घरगडी, मोलकरणी, गुराखी, मजूर, सगळे काम सोडून गेले. लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात. टपाल आणायला घरातलं एक पोर पाठवलं तर त्यालाही वाटेत अडवून दटावलं गेलं. कारभारी आणि त्याची माणसं स्वतः गुरं सांभाळू लागली आणि त्यांच्या पाठीशी बंदूकधारी पोलीस. गावातली काही माणसं मनापासून दूर राहिली, काहींना दूर राहायला भाग पाडलं गेलं. लोहाराला आणि धोबिणीला धमक्या आल्या होत्या, असं बॉयकॉटने लिहिलं आहे आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही. गाव एक होतं तेव्हा त्या एकजुटीत धाकाचाही धागा असतो. ज्याने खेडं जवळून पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता शब्दाकडे येऊ. जवळच्या नील गावच्या चर्चचे फादर जॉन ओमॅली या सगळ्याच्या मध्यभागी होते. लोकांनी हात उगारू नये म्हणून ते धडपडत होते आणि लोकांचा निश्चयही तेच टिकवत होते. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार त्यांच्याकडे जेवायला बसला होता. रेडपाथनेच पुढे लिहून ठेवलेली हकिगत अशी: त्याचा हात ताटाशी थांबलेला पाहून फादरनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, एक शब्द अडला आहे. गाव जेव्हा जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला असं दूर सारतं तेव्हा त्याला ‘ऑस्ट्रसिझम’ म्हणावं, तर तुमच्या शेतकऱ्यांना तो शब्द कळायचा नाही. फादर म्हणाले, खरं आहे, नाही कळायचा. मग कपाळावर हात टेकून जरा विचार केला आणि सुचवलं: आपण त्याला ‘बॉयकॉट करणं’ म्हटलं तर?

‘ऑस्ट्रसिझम’ हा ग्रीक शब्द आहे. अथेन्समध्ये नागरिक फुटक्या खापरावर नाव कोरून मतदान करत आणि जो डोईजड वाटेल त्याला दहा वर्षं शहराबाहेर धाडत. खापर म्हणजे ‘ऑस्ट्रकॉन’. पंडिताला भावणारा शब्द. मेयोच्या कुळाच्या तोंडात तो बसला नसता. फादरनी पाहिलं की आपल्या लोकांना व्याख्येची गरज नाही, त्यांना उदाहरण माहीत आहे. बॉयकॉटला जे केलं तेच दुसऱ्याला करा, एवढं म्हटलं की पुरे. भाषेत नवे शब्द बहुधा नकळत, कुणाच्याही नावावर न लागता येतात. इथे आपल्याला जेवणाचं टेबल माहीत आहे, ते दोघे माहीत आहेत, मधला क्षणभराचा विचारसुद्धा माहीत आहे. मला ही गोष्ट फार प्रिय आहे.

बॉयकॉटने स्वतःच्या हातानेही या शब्दाला पंख दिले. ऑक्टोबरात त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली अवस्था सांगितली. इंग्रजी वाचकवर्ग खवळला, वर्तमानपत्रांचे बातमीदार लॉख मास्कला धावले, अल्स्टरमधल्या प्रोटेस्टंट लोकांनी निधी जमवला. कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून शेकडो माणसं पीक काढायला निघणार होती. आयर्लंडचा कारभार पाहणारा मंत्री फॉर्स्टर घाबरला, दंगल पेटेल म्हणून त्याने आकडा पन्नासावर रोखला. तेच हे क्लेअरमॉरिसला उतरलेले पन्नास. ओमॅलींनी गावकऱ्यांना बजावलं की सैन्य येईल तेव्हा कुणीही डिवचायला जाऊ नका. कुणी गेलं नाही. पाऊस मात्र थांबला नाही. पाचएकशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाले, असा तेव्हाचा अंदाज. पार्नेलने हिशेब मांडला की एकेक सलगम सरकारला एकेका शिलिंगला पडलं.

नोव्हेंबर संपता संपता मजूर आणि सैनिक परतले आणि त्यांच्यासोबत बॉयकॉट कुटुंबही. त्यांना न्यायला गाडीवान मिळाला नाही. लष्कराची रुग्णवाहिका आणि लष्कराचाच गाडीवान घ्यावा लागला. डब्लिनच्या हॉटेलात उतरले तर हॉटेलमालकाला धमकीचं पत्र आलं. १ डिसेंबरला ते इंग्लंडला निघाले. त्याच्या आधीच, २० नोव्हेंबरच्या ‘टाइम्स’मध्ये न्यू पॅलस नावाच्या दुसऱ्याच गावाच्या बातमीत ‘बॉयकॉट करणं’ हे क्रियापद छापून आलं होतं. म्हणजे माणूस अजून आयर्लंडात होता आणि त्याचं आडनाव त्याला सोडून कधीच पुढे निघालं होतं. काही वर्षांत फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांनी ते जसंच्या तसं उचललं; पुढे जपानीनेही. १८८१ मध्ये ब्रिटिश संसदेने आयर्लंडसाठी नवा जमीन कायदा केला आणि लीगच्या तिन्ही मागण्या त्यात बऱ्याच अंशी आल्या. बॉयकॉट नंतर सफोकमध्ये दुसऱ्या एका इस्टेटीचा कारभारी झाला. १९ जून १८९७ रोजी तो वारला. तीनच दिवसांनी राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव होता. त्या रात्री पुण्यात गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

पुण्याकडे मी मुद्दाम वळलो, कारण ही कथा मला पहिल्यांदा वाचताना परकी वाटलीच नव्हती. मेयोच्या सहा वर्षं आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात असंच घडलं होतं. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखाचं राहतं घर त्यात गेलं. देशमुखाने गाव उठवलं. सावकारांच्या दुकानात कुणी जाईना, त्यांच्या शेतात कुणी राबेना, न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना. हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात खतं-रोखे जाळले गेले आणि इतिहासाला ‘दख्खनचे दंगे’ तेवढे आठवले. पण दंग्यांच्या आधीचे ते शांत महिने मला जास्त बोलके वाटतात. कर्ड्याच्या लोकांना पार्नेल माहीत नव्हता, ओमॅली नव्हता, शब्दही नव्हता. शब्दाची गरजही नव्हती, कारण त्यांच्याकडे ‘वाळीत टाकणं’ होतं.

आणि इथेच गोष्ट अवघड होते. बलुतेदारी गावात न्हाव्याने, परटाने, कुंभाराने पाठ फिरवली की घर कोलमडतं, हे ज्ञान आपल्याकडे फार जुनं होतं, पण ते वापरलं जायचं बहुतांशी उलट्या दिशेने. जात मोडणाऱ्यावर, विधवेशी लग्न करणाऱ्यावर, पंचांचं न ऐकणाऱ्यावर. ब्राह्मणांत त्याला ग्रामण्य म्हणत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा आला. गोपाळराव जोशींनी त्या मंडळींची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि गावभर वादळ उठलं. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते आणि टिळकही. शंकराचार्यांच्या नावे पंच बसले, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी त्यांच्या घरच्या कार्याला भटजी मिळणं काही काळ मुश्किल झालं होतं.

त्याच टिळकांनी पंधरा वर्षांनी या हत्याराचं तोंड सरकारकडे वळवलं. जुलै १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीची घोषणा झाली, ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेने विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव केला आणि ‘केसरी’ने तो महाराष्ट्रभर नेला. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, स्वराज्य ही चतुःसूत्री झाली. ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. तिच्यात पुढे असलेल्या विद्यार्थी सावरकरांना कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. या दिवसांत मराठी माणूस ‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’ हे दोन्ही शब्द एका श्वासात वापरू लागला. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर. पंक्तीबाहेर, जातीबाहेर काढण्याचा तो जुना संस्कृत शब्द. एका वर्षात त्याचा अर्थ पालटला. ज्या शब्दाने पूर्वी चहा पिणाऱ्याला घाबरवलं जायचं, त्याने आता मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला घाबरवायचं होतं.

गोखल्यांना मात्र हा शब्द रुचला नाही. डिसेंबर १९०५ च्या काशीच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षीय भाषणात ते म्हणाले की बंगालने एवढ्या अन्यायापुढे हे अस्त्र उचललं ते समजू शकतं. पण ‘बॉयकॉट’ला त्याच्या जन्मकथेमुळेच वाईट वास चिकटलेला आहे, तो उच्चारला की आधी दुसऱ्याला दुखवण्याची सूडबुद्धी मनात येते. गोखल्यांना मेयो आठवत होता. शब्दाच्या उगमावरून राजकीय भूमिका तपासणारा असा नेता विरळा. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली बहिष्काराचा ठराव झाला आणि त्याचा अर्थ किती ताणायचा यावर जे भांडण पेटलं त्याचा सुरतेत १९०७ मध्ये भडका झाला. मला टिळकांची बाजू अधिक पटते. निःशस्त्र देशाकडे दुसरं होतं काय? पण गोखल्यांची शंका मी खोडू शकत नाही, कारण तिचं उत्तर पुढे कुणीतरी वेगळ्याच जागेवरून मागितलं.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत डॉ. आंबेडकरांनी संस्था काढली तिचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. एप्रिल १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, ‘बहिष्कृत भारत’. टिळकांच्या लेखी बहिष्कार हे क्रियापद होतं, करायची गोष्ट. आंबेडकरांनी त्याचं कर्मणी रूप समोर ठेवलं: ज्यांच्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे ते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर तिचे सभासद होते. समितीला दिसलं की गावात अस्पृश्याने आपला हक्क मागितला की वरच्या जाती त्याला मजुरी बंद करतात, रस्ता बंद करतात, वाणी मीठ-मिरची देत नाही. कारणं कधी इतकी क्षुल्लक: जमीन विकत घेतली, चांगले कपडे किंवा दागिने घातले, नवरदेवाला घोड्यावर बसवून गावातून वरात काढली.

लॉख मास्कच्या यादीशी ही यादी जुळवून पाहावी. दुकान बंद, मजूर बंद, वाट बंद. साधनं तीच. फरक एवढाच की बॉयकॉटच्या मागे जमीनदार होता, वर्तमानपत्रं होती, आणि त्याचं सलगम काढायला सरकारने हजार सैनिक धाडले. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे जमीनही नव्हती. गाव फिरलं की दुसऱ्या दिवशीची भाकर फिरे. मेयोत बहिष्कार खालून वर गेला, इथे वरून खाली कोसळत होता. एकाच शब्दाने या दोन्ही गोष्टी बोलाव्या लागतात, ही भाषेची गरिबी आहे असं मला वाटतं, आणि ती इंग्रजीइतकीच मराठीचीही आहे.

गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी अल्पसंख्याकांच्या समितीपुढे जे निवेदन ठेवलं त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. त्यासाठीची कलमं त्यांनी घेतली होती ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. ब्रह्मदेशातली ब्रिटिश राजवट तेव्हा राजकीय बहिष्कारांनी हैराण होती आणि तिने स्वतःच्या बचावासाठी तो कायदा केला होता. राज्यकर्त्यांनी आपल्यासाठी घडवलेली ढाल आंबेडकरांनी उचलली आणि ती गावकुसाबाहेरच्या माणसापुढे धरली. व्याख्येत त्यांनी बारकाईने लिहिलं: घर किंवा जमीन भाड्याने न देणं, देवाणघेवाण नाकारणं, मोलाने काम न करणं, नेहमीचे संबंध तोडणं.

मागणी तेव्हा मान्य झाली नाही. १९४९ मध्ये मुंबई राज्याने जातीबाहेर, पंथाबाहेर काढण्यावर बंदी घातली. बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो कायदा रद्द केला. त्यानंतर अर्धशतक जातपंचायती आणि गावक्या आपापले निवाडे देत राहिल्या. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक बाहेर येऊ लागल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी प्रकरणं धसाला लावली आणि एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. कैद तीन वर्षांपर्यंत, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या इंग्रजी नावात नॉरफोकच्या त्या पाद्र्याच्या पोराचं आडनाव आहे, दुरुस्त केलेल्या स्पेलिंगसह. आणि आत, गुन्ह्यांच्या यादीत, मेयोतल्या लोहाराला आणि धोबिणीला कधी सुचलं नसतं तेही नोंदलं आहे: कुणाच्या घरचं लग्न अडवणं, मयताला येऊ न देणं, स्मशानभूमी वापरू न देणं.